रेकॉर्ड स्टोअर डे: मर्यादित रेकॉर्ड्स आणि छोट्या दुकानाचा हिशोब

लेस्टरकर

एप्रिलमध्ये रेकॉर्ड स्टोअर डेच्या रांगांचे फोटो फिरू लागले की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, या दिवसामुळेच छोटी दुकानं जगली. दुसरं, या दिवसानेच त्यांचा घात केला. दोन्हीकडे आकडेमोड फारशी दिसत नाही, म्हणून हा धागा. उदाहरणं ब्रिटनची घेतो, तिथला कर आणि घाऊक व्यवहार मला नीट माहीत आहे. अमेरिकेतल्या मंडळींनी तिकडचं लिहावं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. कल्पना २००७ सालची, पहिला दिवस १९ एप्रिल २००८. तेव्हापासून दर वर्षी एप्रिलमधल्या एका शनिवारी आधी जाहीर केलेल्या यादीतल्या काहीशे रेकॉर्ड्स फक्त स्वतंत्र दुकानांतून विक्रीला येतात (२०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे तारखा पुढे गेल्या आणि विभागल्या गेल्या). ब्रिटनमधले नियम असे: एका माणसाला एका रेकॉर्डची एकच प्रत, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी आधी राखून ठेवायची नाही, आणि उरलेला माल सोमवारी रात्री आठच्या आत ऑनलाइन विकायचा नाही. दुकानाच्या दृष्टीने सगळ्यात जड अट वेगळीच आहे: न खपलेला माल परत घेतला जात नाही.

आता एक नमुना. घाऊक भाव २२ पौंड, विक्री ३३ पौंड. ३३ मध्ये २० टक्के व्हॅट आहे, तो काढला की हाती उरतात २७.५०. म्हणजे एका प्रतीमागे ५.५० पौंड. दहा प्रती मागवल्या आणि आठ खपल्या, तर कमाई ४४ पौंड. उरलेल्या दोन प्रतींत अडकले ४४ पौंड. दहातल्या आठ विकूनही हातात शून्य, आणि यात कार्डाचं कमिशन, जादा माणसाचा पगार, वीज, भाडं काहीच धरलेलं नाही.

रांग कितीही लांब दिसली तरी दुकान कमावतंय की नाही हे रांगेवरून कळत नाही. शनिवारी संध्याकाळी खोक्यांत काय उरलं त्यावरून कळतं.

सातइंची

हिशोब पटला, पण एक बाजू राहिली. त्या दिवशी आलेला माणूस फक्त यादीतली रेकॉर्ड घेऊन जात नाही. तो जुना माल चाळतो, दोन जुन्या एलपी उचलतो. खरा नफा तिथे असतो. तो धरला तर चित्र बदलेल ना?

लेस्टरकर

बदलतं, आणि बरंच बदलतं. वापरलेल्या मालाला ब्रिटनमध्ये मार्जिन स्कीम लागू होते, म्हणजे व्हॅट पूर्ण किमतीवर नाही, फक्त फरकावर. सहा पौंडांना घेतलेली जुनी एलपी १५ ला विकली तर फरक ९, त्याचा सहावा भाग म्हणजे दीड पौंड कर. उरले साडेसात. नव्या मर्यादित प्रतीत २२ पौंड गुंतवून साडेपाच मिळतात, जुन्या एलपीत ६ गुंतवून साडेसात. मात्र त्यासाठी साठ्याची वही काटेकोर हवी: कोणाकडून, कोणत्या तारखेला, कितीला घेतली, कितीला विकली, प्रत्येक नगाचं. आणि अशा विक्रीच्या बिलावर व्हॅट वेगळा दाखवता येत नाही.

म्हणून ज्या दुकानात जुना माल भरपूर आणि नीट लावलेला आहे, त्याला हा दिवस लाभतो. जे फक्त नव्या मालावर चालतं, त्याच्यासाठी तो फार मोठी जोखीम आहे. पण गर्दीचा फायदा आपोआप मिळत नाही. काउंटर दाराजवळ ठेवून रांग तिथूनच परत पाठवली, तर माणूस जुन्या मालापर्यंत पोचतच नाही. यादीचा माल दुकानाच्या मागच्या भागात ठेवावा, जुना माल वाटेत. आदल्या दोन आठवड्यांत विकत घेतलेला चांगला जुना माल अडवून धरावा आणि शनिवारी सकाळी एकदम बाहेर काढावा. आणि त्या दिवशी जुना माल विकायला आलेल्यांना पुढच्या आठवड्यात बोलवावं. गर्दीत घाईने तपासलेल्या रेकॉर्डवरचा ओरखडा दिसत नाही.

न्यूजर्सीवासी

अमेरिकेतलं लिहितो. इथे भाग घ्यायला दुकान प्रत्यक्ष असावं लागतं, किमान ५० टक्के माल संगीताचा असावा लागतो, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसावी आणि किमान ७० टक्के मालकी त्याच राज्यातली असावी. अशी दुकानं साधारण १,४०० आहेत.

यादीत तीन प्रकार असतात आणि ते ओळखल्याशिवाय मागणी नोंदवू नये. 'एक्सक्लुझिव्ह' म्हणजे ती आवृत्ती पुन्हा इतरत्र येणार नाही. 'आरएसडी फर्स्ट' (आरएसडी म्हणजे रेकॉर्ड स्टोअर डे) म्हणजे आज इथे, पण पुढे दुसऱ्या रूपात सगळीकडे येऊ शकते. तिसरा प्रकार छोट्या किंवा प्रादेशिक आवृत्त्यांचा, हजाराच्या आतल्या प्रती किंवा मोजक्याच दुकानांत मिळणाऱ्या. छोटी दुकानं फसतात ती बहुतेक 'फर्स्ट'मध्ये. गिऱ्हाईक वाट पाहायला तयार असतं, कारण साधी काळी आवृत्ती स्वस्तात येणार हे त्याला ठाऊक असतं. ती आली की तुमच्याकडच्या रंगीत प्रतीची किंमत उतरते.

'मर्यादित' या शब्दावर फार विसंबू नका. २०२३ मध्ये टेलर स्विफ्टच्या 'फोकलोर: द लाँग पाँड स्टुडिओ सेशन्स'च्या अमेरिकेत ७५,००० आणि जगभर मिळून १,१५,००० प्रती काढल्या होत्या. १,४०० दुकानांत ७५,००० वाटल्या तर सरासरी पन्नासच्या वर पडतात. तो माल खपला, कारण मागणी तशी होती. पण यादीत शेजारच्याच ओळीत एखाद्या विस्मृतीत गेलेल्या बँडची मैफल असते, ७,००० प्रतींची, आणि ती वर्षभर खोक्यात दिसते. छापील आकडा मोठा की लहान याला अर्थ नाही. तुमच्या गावात तिला विचारणारे किती, एवढंच पाहायचं.

सातइंची

मग दुकानं जास्त का मागवतात? दर वर्षी तीच चूक कशी होते?

न्यूजर्सीवासी

कारण वाटप आंधळं असतं. दुकान दहा प्रती मागतं, वितरक कपात करून तीन पाठवतो. पुढच्या वर्षी दुकानदार शहाणा होतो: पाच हव्यात म्हणून पंधरा मागतो. सगळेच तसं करतात, कंपनीला मागणी फुगलेली दिसते, ती जास्त प्रती काढते, आणि या वेळी पंधराच्या पंधरा येऊन पडतात. परत पाठवता येत नाहीत. यात कोणी मूर्ख नसतो, पण प्रत्येकाने आकडा फुगवला की शेवटी सगळ्यांच्याच दुकानात ढीग लागतो.

यावर एकच नियम कामाचा आहे. पूर्ण मिळालं तरी पेलेल तेवढंच मागायचं. कपात झाली तर चार गिऱ्हाइकं हिरमुसतील, पण दुकान बंद पडणार नाही.

लेस्टरकर

आणि पेलणं म्हणजे फक्त नफा-तोटा नव्हे, उधारीची मर्यादासुद्धा. हे बाहेरून दिसत नाही म्हणून सविस्तर लिहितो. प्रत्येक वितरकाकडे दुकानाचं खातं असतं आणि त्याला उधारीची कमाल मर्यादा असते. समजा एका वितरकाकडे ती ५,००० पौंड आहे आणि या एका दिवसाचा माल ४,२०० चा आला. महिन्याभराने बिल भरेपर्यंत त्या वितरकाकडून फक्त ८०० चा माल उचलता येतो. एप्रिल आणि मेमधले नेहमीचे नवे अल्बम, ज्यांच्यासाठी आठवड्याला येणारी गिऱ्हाइकं दुकानात पाय ठेवतात, ते मागवता येत नाहीत. रोजच्या गिऱ्हाइकाला दोनदा 'नाही' ऐकावं लागलं की तो ऑनलाइनकडे वळतो. हा तोटा त्या शनिवारच्या हिशोबात कुठेच उमटत नाही.

नव्या खात्याला तर उधारी मिळतच नाही, आधी पैसे भरावे लागतात.

मागणी नोंदवायची पद्धत अशी ठेवावी असं माझं मत. यादी जाहीर झाली की गिऱ्हाइकांकडून इच्छा-यादी घ्यावी. राखून ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, फक्त अंदाज घ्यायचा. एकच माणूस तीन दुकानांत तीच नावं देतो हे गृहीत धरून मोठ्या नावांसाठी दहा मागण्यांमागे सहाच्या वर जाऊ नये. ज्याला एकही मागणी नाही अशी रेकॉर्ड केवळ 'कोणीतरी घेईल' म्हणून मागवायची नाही, फार तर एक प्रत, तीही दुकानाच्या ओळखीत बसत असेल तर. मग सगळ्या मागण्यांची घाऊक बेरीज वितरकानुसार करावी आणि ती उधारीच्या मर्यादेच्या निम्म्याच्या आत आणेपर्यंत खालून नावं खोडत जावीत. खोडताना हात आखडतो, पण मार्चमध्ये खोडलेली ओळ मेमध्ये पैसे वाचवते.

मॅट्रिक्स

कारखान्याच्या बाजूने थोडं लिहितो, कारण 'मर्यादित' हे बहुतेक वेळा तांत्रिक बंधन नसतं, हे समजलं की बराच गोंधळ मिटतो.

अॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा लेप असतो, त्याला लॅकर म्हणतात. त्यावर खाच कोरली जाते. मग त्यावर चांदीचा अतिपातळ फवारा, आणि विजेच्या हौदात निकेल चढवतात. हा निकेल सोलून काढला की 'फादर' मिळतो, त्यावरून 'मदर', आणि मदरवरून 'स्टॅम्पर', म्हणजे प्रत्यक्ष छापणारा साचा. एका स्टॅम्परवर ढोबळमानाने हजारेक प्रती निघतात, मग आवाज बिघडू लागतो. एका मदरवरून अनेक स्टॅम्पर काढता येतात.

लॅकर, निकेल आणि चाचणी-प्रतींचा खर्च ३०० प्रतींना तेवढाच आणि १,००० प्रतींनाही तेवढाच. त्यामुळे ३०० ची आवृत्ती महाग पडते. पण मदर कपाटात सुरक्षित असेल तर पुढच्या ५०० प्रती काढणं सोपं आणि स्वस्त असतं. पुन्हा न काढण्याचा निर्णय धातूचा नाही, विक्री विभागाचा आहे.

खरी अडचण असते ती यंत्राच्या वेळेची. एक प्रत दाबायला साधारण अर्धा मिनिट लागतो. रंग बदलायचा तर आधीचा रंग पूर्ण निघेपर्यंत एक्सट्रूडरमधून (प्लॅस्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून) माल वाया घालवावा लागतो. एकच अल्बम सहा रंगांत काढला की ही उठाठेव सहा वेळा. पिक्चर डिस्कमध्ये, म्हणजे चित्र असलेल्या रेकॉर्डमध्ये, छापील कागद आणि वर पारदर्शक पातळ थर हाताने लावावे लागतात, काम आणखी मंद. एप्रिलच्या मालाची सगळी घाई हिवाळ्यात एकवटते आणि छोट्या लेबलांच्या (रेकॉर्ड कंपन्यांच्या) साध्या रेकॉर्ड्स मागे ढकलल्या जातात. २०१५ मध्ये सोनिक कॅथीड्रल आणि हाउलिंग आउल या दोन ब्रिटिश लेबलांनी याच प्रकाराचा जाहीर निषेध केला होता. त्यांनी एक सात इंची रेकॉर्ड ३६५ प्रतींची काढली आणि रोज एकच प्रत विकायची असं ठरवलं.

त्यात ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. लॅकर बनवणाऱ्या जगात दोनच कंपन्या होत्या, दुसरी जपानमधली एमडीसी. त्यानंतर साथ आली, मागणी वाढली, आणि २०२१ मध्ये रांग कित्येक महिन्यांवर गेली. त्या काळात तांब्यावर थेट कोरणाऱ्या डीएमएम पद्धतीकडे काही लेबलं वळली, कारण तिला लॅकर लागतच नाही.

सातइंची

उत्तम माहिती. रंगीत प्रती वाईट वाजतात हे खरं का?

मॅट्रिक्स

रंगामुळे नाही. घाईमुळे. काळ्या मालासाठी बसवलेलं तापमान आणि दाब रंगीत मालाला तंतोतंत लागू पडत नाहीत. दोन-तीनशे प्रतींच्या आवृत्तीत यंत्र जुळवायला वेळच मिळत नाही, जुळेपर्यंत आवृत्ती संपते. मग दिसणारे दोष असे: खाचेत पीव्हीसी (रेकॉर्डचं प्लॅस्टिक) पूर्ण भरलं नाही की 'नॉन-फिल', बहुधा एकाच बाजूच्या कानात फाटल्यासारखी चरचर येते, आणि तिरप्या प्रकाशात तिथे खाच पांढरट दिसते. मधलं भोक केंद्रापासून सरकलं की लांब सूर डुलतो, पियानोवर लगेच कळतं. रेकॉर्ड गरम असतानाच पाकिटात घातली तर थंड होताना वाकते. रेकॉर्डच्या मधोमध असलेल्या लेबलचा कागद भट्टीत नीट सुकवला नसेल तर दाबताना वाफ होऊन फुगे येतात. पिक्चर डिस्कची खरखर मात्र रचनेतच असते, तो दोष धरू नये.

१८० ग्रॅम वजनाने आवाज सुधारतो हाही समज सोडावा. आवाज कोरण्यावर आणि साच्यावर ठरतो, १४० ग्रॅमची नीट काढलेली प्रत उत्तमच असते.

लेस्टरकर

दुकानाची यातली बाजू: ब्रिटनमध्ये कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ नुसार सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. नेहमीच्या रेकॉर्डला दुकान बदली प्रत देतं. मर्यादित रेकॉर्डची बदली प्रत अस्तित्वातच नसते, म्हणून पैसे परत करावे लागतात आणि वितरकाकडून जमा मिळवण्यासाठी भांडावं लागतं. 'परत नाही' ही अट न खपलेल्या मालाला आहे, उत्पादनदोषाला नाही. हा फरक लक्षात ठेवून दावा करावा. माल आल्या दिवशी खोकी मोजून घ्या, कोपरे दबलेल्या पुठ्ठ्याचे फोटो उघडण्याआधी काढा. दोषाच्या दाव्यात बाजू, गाणं, मिनिट-सेकंद आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (ती प्रत कोणत्या साच्यातली ते सांगणारा) लिहा. 'आवाज खराब आहे' एवढ्यावर दावा फेटाळला जातो.

फिरकी३३

फ्लिपर्सबद्दल कोणीच बोललं नाही. सकाळी रांगेत उभं राहून घेतलेली रेकॉर्ड दुपारी ईबेवर दुप्पट किमतीला असते. दुकानानेच सुरुवातीला किंमत जास्त का लावू नये?

न्यूजर्सीवासी

कारण तो पैसा एकदाच मिळतो आणि विश्वास कायमचा जातो. शिवाय संयोजकांशी केलेल्या प्रतिज्ञेतच अवाच्या सवा भाव न लावण्याची अट आहे. ती मोडली तर पुढच्या वर्षी माल बंद होऊ शकतो. फ्लिपर्सचा त्रास खरा आहे, पण तो दहा-बारा नावांपुरता असतो. बाकीच्या बहुतेक रेकॉर्ड्स काही महिन्यांत डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सच्या ऑनलाइन बाजारात मूळ किमतीच्या खाली मिळतात. दुकानांना बुडवतो तो हा न खपणारा मोठा भाग, चढ्या भावाने जाणाऱ्या दहा रेकॉर्ड्स नव्हेत.

मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. एकाच अल्बमचा एक रंग टार्गेट या मोठ्या दुकान-साखळीकडे, एक अॅमेझॉनकडे, एक कलाकाराच्या स्वतःच्या साइटवर कलाकाराची सही असलेल्या कागदासह, आणि एक स्वतंत्र दुकानांसाठी. हे वर्षभर चालतं, एका शनिवारी नाही. पक्का चाहता कलाकाराच्या साइटवर आधीच नोंदणी करून मोकळा होतो. दुकानाला स्वतंत्र दुकानांचा रंगही ठेवावा लागतो आणि काळी प्रतही. भांडवल दुप्पट, गिऱ्हाईक तेवढंच.

लेस्टरकर

पूर्ण सहमत. आणि उरलेल्या मालाचं काय करायचं तेही लिहितो, कारण इथे दुकानदार भावनेत अडकतो. वरच्याच उदाहरणात उरलेल्या दोन प्रती २४ पौंडांना काढल्या तर व्हॅट वजा जाता २० मिळतात, प्रत्येकी फक्त २ चा तोटा. शून्याचा हिशोब ४० पौंड नफ्यावर येतो. अगदी १८ ला काढल्या तरी प्रत्येकी ७ चा तोटा, म्हणजे एकूण ३० शिल्लक. वर्षभर ३३ ची चिठ्ठी लावून ठेवल्या तर शून्यच. घाऊक भावाच्या खाली विकायला मन धजत नाही, पण ते २२ पौंड माल घेतानाच गेलेले आहेत. सोमवारी रात्री आठनंतर ऑनलाइन, दोन आठवड्यांनी पहिली कपात, बिल भरायच्या तारखेआधी दुसरी. डिस्कॉग्सवर टाकताना आधी तिथे किती प्रती विक्रीला आहेत ते पाहा. चाळीस प्रती असतील तर शेवटच्या नंबरावर बसण्यापेक्षा दुकानातच स्वस्त काढलेली बरी.

फोर्टवाला

मुंबईहून. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, आता माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारखी मोजकी दुकानं नवा माल ठेवतात, जुन्यासाठी चोरबाजार आहेच. आयात मालाला वरचं गणित कसं लावायचं? आणि पावसाळ्यात उरलेला साठा कसा ठेवावा?

लेस्टरकर

गणित तेच, फक्त घाऊक भावात वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळवून जी रक्कम येईल ती धरा. त्यामुळे प्रत्येक न खपलेली प्रत आणखी जड होते, आणि सदोष प्रत समुद्रापार परत पाठवणं परवडत नाही. आयातीत आगाऊ पैसे घेतल्याशिवाय तीस-चाळीस पौंडांची रेकॉर्ड मागवू नये, असं मी म्हणेन. रेकॉर्ड स्टोअर डेचा माल असेल तर राखून न ठेवण्याचा नियम तपासून घ्या.

मॅट्रिक्स

साठ्याचं सांगतो. बाहेरचं पाकीट मऊ पीव्हीसीचं नको. त्यातलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) दमट उष्ण हवेत पाझरतं आणि रेकॉर्डवर धुरकट डाग उमटतो, तो धुऊनही जात नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचं घ्या. कारखान्याचं श्रिंक-रॅप (कव्हरवरचं सीलबंद पातळ प्लॅस्टिक) घट्ट असेल तर कव्हर वाकतं, आणि जाड पुठ्ठ्याच्या दुहेरी अल्बमला ते जास्त जाणवतं. पण न विकलेल्या मालाचं रॅप काढलं तर 'सीलबंद' म्हणून विकता येत नाही, तेव्हा पाहून ठरवा. रेकॉर्ड्स उभ्याच ठेवा, हात सहज जाईल इतक्या सैल. तिरप्या ठेवल्या तर वाकतात. भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका, खाली फळी हवी. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. मुंबईच्या जुलैत ते डीह्युमिडिफायरशिवाय जमणार नाही.

टपालाने पाठवताना रेकॉर्ड आतल्या पाकिटासह कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवायची, नाहीतर पार्सल आपटलं की रेकॉर्डची कड कव्हरची शिवण फाडते. सीलबंद माल असेल तर गिऱ्हाइकाला विचारूनच सील फोडायचं. दोन्ही बाजूंना १३ इंची पन्हाळी पुठ्ठा, एकाची पन्हाळ उभी, दुसऱ्याची आडवी.